चालू झालं का हे?

कासिमिराबाईचं दुकान म्हणजे एक चादर,
चादरीवर चार ढीग, गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचे.
माझं दुकान म्हणजे एक छत्री,
खाली रिचार्ज, चार्जर, काचा, कव्हरं.
एल आल्तोच्या उतारावर आम्ही शेजारी.
डोक्यावरून दिवसभर केबलकार सरकतात,
माणसांनी भरलेल्या, तरी मुक्या.

तिला वाचता येत नाही.
फोनमधली माणसं ती चित्रांवरून काढते.
मुलगी म्हणजे शिवणयंत्र, साओ पाउलोला जीन्स शिवते.
भाऊ म्हणजे ट्रकचं चाक.
नवरा म्हणजे मक्याचं कणीस.
कणीस का, ते विचारलं तर हसते आणि बटाटे सारखे करते.

निकानोर वर डोंगरात असतो, अल्पाकांमागे.
दोन दिवसांची वाट, रेंज एकाच खिंडीत.
त्याच्या बोटांची कातडी दोरखंडासारखी,
काच ती बोटं हवी तेव्हा ओळखत नाही
आणि खिशात, नको तेव्हा, झटकन ओळखते.
मग निरोप आपसूक सुटतात:
एक मिनिट, चार मिनिटं, एकदा तर एकोणीस.
बोलणं नाहीच त्यात. खसफस, धाप,
आणि शेवटी फार जवळून,
‘चालू झालं का हे?’
की बंद.

ती गोल टोपी तिरकी करून फोन कानाला लावते.
‘पाणी ऐकलंस? खालचा ओढा. आटत चाललाय,
दगड वाजतायत.
घंटा एकच. म्हातारी मादी मागे राहिली असणार.
आणि हा श्वास बघ, तिसऱ्या पावलाला अडकतो.
गुडघा बरा झाला म्हणाला होता, लबाड.’
मी कान देऊन ऐकतो.
मला खसफसच ऐकू येते.

कार्निव्हलला तो खाली आला तेव्हा
मला शहाणपण सुचलं.
जाड कव्हर घातलं, लॉक लावलं,
इथे दाब, बोल, सोड.
जनावरावर ओझं बांधायला शिकावं तसा
दुपारभर शिकला बिचारा.

तेव्हापासून निरोप असे:
‘कासिमिरा. मी निकानोर. मी बरा आहे.
अल्पाका बरे आहेत. संपलं.’
सहा सेकंद.
दुसऱ्या दिवशी सहा सेकंद.
तिसऱ्या दिवशी तिने फोन माझ्यापुढे धरला,
‘कुठे होता तो, हे बोलताना?’
ते यात कळत नाही, म्हटलं.
‘बरा आहे, बरा आहे. लग्नापासून हेच सांगतोय.’

आमच्या आयमारा भाषेत
गेलेले दिवस डोळ्यांपुढे असतात
आणि येणारे पाठीमागे,
पाठीला कुठे डोळे असतात?
ती बोटाने निरोप ओढत ओढत
त्या जुन्या वाऱ्यांपर्यंत गेली
आणि तिथेच बसून राहिली,
गिऱ्हाईक उभं होतं तरी.

मग एका गुरुवारी तिने बटण दाबलं,
फोन बटाट्यांच्या ढिगावर ठेवला
आणि विसरल्यासारखं केलं.
घासाघीस गेली त्यात, नाण्यांचा खणखणाट,
मिनीबसच्या पोऱ्याची आरोळी, तिचा खोकला,
आणि मी, कोणाला तरी चार्जर ओरिजिनल आहे
असं शपथेवर सांगताना.

पाच दिवस काही नाही.
सहाव्या दिवशी भावाच्या ट्रकमधून पोतं आलं.
बटाट्यांच्या तळाशी
कव्हर.

संध्याकाळी कणीस उजळलं. अकरा मिनिटं.
माझं गिऱ्हाईक वाट बघत राहिलं, मी उठलो नाही.
वारा. पुन्हा वारा. दगडावरून काहीतरी घसरलं.
‘दोन,’ ती म्हणाली.
काय दोन?
‘घंटा. दोन आहेत.’
बोटाने हवेत दाखवली, एक इथे, एक जरा मागे.
खरंच असतील.

मग तिने कव्हर माझ्यापुढे टाकलं,
‘हे परत घे. पंधरा बोलिव्हियानो दे.’
मी बारालाच विकलं होतं.
दिले पंधरा.