भरतीचं गणित

शनिवारी जेवणं आटोपली की
स्वयंपाकघरात जुना पेपर पसरून
मी साखळी पुसायला बसते.
मुलाचं विरलेलं बनियन, रॉकेलचे चार थेंब,
एकेक कडी अंगठ्याखालून.
आतून विचारणा होते, कालच तर पुसलीस ना?
काल धूळ पुसली.
आज आवाज पुसते आहे.

चाकातली हवा मी दाबून पाहते
बाजारात दुधी पाहावा तशी.
ब्रेक झुबेरभाईंनी संध्याकाळीच लावून दिलेत,
म्हणाले, बाई, ब्रेक घट्ट नको,
सांगितलेलं ऐकणारा हवा.

मग चारुशीलेचा फोन.
"ठरलं का कुठे?"

कान्हेरीला सावली आहे, माकडं आहेत,
पण शेवटी चढ आहे,
आणि तुझा डावा गुडघा अजून नवा आहे,
घरातल्या नव्या सुनेसारखा,
कुठे काय ठेवलंय त्याला माहीत नाही.
आरेत धुकं, गोठ्यांचा वास आणि खड्डे.
तिथेच माझी तार तुटली होती
आणि तू इतकी हसलीस
की केबिनमधला वॉचमन चहा टाकून बाहेर आला.
शिवडीला रोहित पक्षी आलेत म्हणे,
लाख असतील, दोन लाख असतील,
पण चारकोपहून शिवडी म्हणजे
अर्धा दिवस ट्रकच्या धुरात.
शिवाय तिथे आपल्याला जायला
एकही धड जागा नाही.
(नवऱ्याच्या ग्रुपमधले चढ मोजतात, वेग मोजतात.
संडास मोजत मी एकीलाच पाहिलंय, मला.)

राहिली मनोरी.
मार्व्यावरून होडी,
सायकलचं तिकीट माणसाच्या तिकिटापेक्षा जास्त,
याचं तुला दरवेळी नव्याने हसू येतं.
पलीकडे उतरलं की सपाट रस्ता,
डाव्या हाताला समुद्र, काड्यांवर बोंबील,
गोराईचे क्रूस, प्रत्येकाला ताजा हार,
आणि उत्तनच्या अलीकडे रेजिनाबाईंची पडवी,
फुगे आणि काळा चहा, मागच्या दाराला
कडी लागणारी मोरी.

मी भिंतीवरची तिथी पाहते.
वडील रेवदंड्याचे. त्यांनी शिकवलेली
एकच गोष्ट अजून पाठ आहे,
तिथीची पाऊणपट, ती भरतीची वेळ.
उद्या नवमी. नऊ गुणिले पाऊण.
पावणेसात.
जाताना पाणी काठोकाठ, होडी धक्क्याला भिडेल,
तू नुसती पाय टाकून उतरशील.
पण परतताना, एक वाजता,
पाणी पार खाली गेलेलं,
फळी चिखलात तिरकी,
सायकल खांद्यावर,
आणि तो गुडघा.

फोनवर आम्ही दोघी गप्प.
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.
मी म्हटलं, राहू दे, पुढच्या रविवारी बघू,
पंधरवड्यात पाणी फिरेल,
आणि गुडघाही.

"पुढची भरती किती वाजता?" ती म्हणाली.

संध्याकाळी सातच्या पुढे.

"मग सातच्या पुढेच येऊ."

सहज म्हणाली, दुधाचा हिशेब सांगावा तसं.
तीस वर्षांत आम्ही दोघी
दुपारच्या जेवणाआधी घरी नव्हतो
असा रविवार मला आठवेना,
लग्नं आणि अंत्यविधी सोडून.
अख्खा दिवस काय करायचं गं तिथे?
"पाणी यायची वाट बघायची,"
ती म्हणाली, आणि घरी काय सांगायचं
ते दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

दशम्या आता दुप्पट लागतील.
मी परातीत आणखी पीठ घेते,
गुळाचं पाणी, चिमूटभर मीठ,
लसणीची चटणी छोट्या बाटलीत,
दोन ट्यूब, पंक्चरचा डबा,
साडी नको, ओढणी हवी, उन्हाला.

आतून पुन्हा आवाज येतो,
उद्या किती वाजता येशील?

मी स्टुलावर चढते.
माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे,
सायकलचा मागचा लाल दिवा आहे.
विकत घेतल्यापासून एकदाही लागलेला नाही.
सेल संपलेले असणार.
खाली वाण्याचं शटर
अजून अर्धंच ओढलेलं दिसतं.