दहावी कमान

गुंजीच्या अलीकडं, म्हसोबाच्या व्हळावर
रेल्वेचा जुना पूल आहे.
कमानी नऊ.
माझ्या बापाच्या वहीत नऊ, सेक्शनच्या नकाशात नऊ,
शाळेतून येताना आम्ही मोजायचो तेव्हाही नऊच.
मराठी शाळेची पोरं एकपासून सुरू करायची,
कन्नड शाळेची ओंदुपासून,
आणि शेवटच्या खांबाशी दोन्ही बेरजा जुळायच्या.
बाकी कशात जुळत नव्हतं.

बाप मष्णू, चावीवाला.
खांद्यावर हातोडा, काखेत लाल-हिरवी गुंडाळी,
रुळाच्या कानात टकटक करत रोज सात मैल जायचा.
पुलावर आला की पायताण काढून हातात घ्यायचा.
का म्हणून विचारलं तर,
"खाली माणूस हाय गे."

सगळेच म्हणायचे तसं.
कमान दोनदा ढासळली, मग कुणाला तरी
चुन्यात उभं केलं.
कुणाला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
सालाच्या दगडावर एक, आठ, आठ,
पुढचा आकडा शेवाळानं खाल्लेला.
ठाऊक होतं ते एवढंच, की चुन्यात गूळ पडला,
हिरड्याचं पाणी पडलं, उडदाचं पीठ पडलं,
पूल पोटभर जेवला,
आणि ज्यांनी दगड घडवले ते वड्डर
नाचणीची आंबील पिऊन झोपले.

त्यांच्यातलीच म्हणे तिमव्वा.
जात्याला टाकी लावायला आमच्या गल्लीत यायची.
परत जाताना शेवटच्या खांबापाशी थांबून
पलीकडच्या मातीच्या भरावाकडं बोट करायची.
"हत्तु."
हत्तु म्हणजे चढ. एष्टीचा कंडक्टर आम्हाला रोज शिकवायचा.
आम्ही चढायचो.
"हत्तु, हत्तु!" ती ओरडायची,
आम्ही आणखी वर, करवंदीच्या जाळीपर्यंत,
गुडघे फोडून घेत.
ती कपाळावर हात मारून घ्यायची, हसायची,
टाकी-हातोडी पदरात गुंडाळून निघून जायची.
कितीतरी वर्षं.

बाप गेला. मला फाटकावर घेतलं.
आणि मागच्या मार्गशीर्षात दुसऱ्या रुळासाठी
जेसीबीनं तो भराव कापला.

आत कमान.
तोच काळा दगड, टाकीचे तेच दात,
ऊन न लागल्यामुळं आत्ता घडवल्यासारखे.
मशीन बंद केलं. गाव जमला.
कुणीतरी नारळ आणला, कुणी हळद-कुंकू,
आणि सगळे वाकून हाडांची वाट बघू लागले.

हाडं नव्हती.
तीन दगड होते, आतल्या बाजूनं जळालेले.
कमानीच्या पोटाला काजळीचा पट्टा,
धूर जसा वळत बाहेर गेला असेल तसा.
वरवंट्याचा तुकडा.
आणि वर, दोन दगडांच्या सांध्यात,
हाताला सहज लागेल अशा उंचीवर एक लोखंडी कडी.
पुलाला तिचा काही उपयोग नव्हता.
शेजारच्या लुमाण्णाची सून हळूच म्हणाली,
"झोळी."

लोक पांगले. नारळ तसाच राहिला.
बाप खोटं बोलत नव्हता.
खाली माणूस होतं,
चूल पेटवत होतं, रडणाऱ्याला झोका देत होतं,
आणि एक दिवस सायबानं माती टाका म्हटल्यावर
गाडग्या-मडक्यांसकट उठून
पुढच्या व्हळावर गेलं असणार.

धारवाडचा तरुण इंजिनियर वही घेऊन आला.
उद्या काँक्रीट भरायचं होतं, त्याआधी नोंद हवी.
पलीकडच्या टोकापासून तो मोजत आला, पुटपुटत,
एळु, एंटु, ओंबत्तु.
माझ्याजवळ येऊन थांबला,
त्या काजळीकडं त्यानं पेन रोखलं
आणि म्हणाला, "हत्तु."

माझा पाय
आपोआप उचलला गेला.