तळटीप क्रमांक ११८

कारखानीसबाईंच्या प्रबंधात म्हणे
विरामाचे तीन प्रकार होते:
पात्राचा, नटाचा, प्रेक्षकांचा.
चारशे बारा पानं, निळं बाइंडिंग.
मी तेव्हा ठाण्याच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवायचो
आणि संध्याकाळी विंगेत बसून
लोकांची विसरलेली वाक्यं त्यांना परत द्यायचो.

बाई सकाळी कॉलेजात शिकवत,
साडेचारला टेंभीनाक्यावरून रिक्षा करून
चेंदणीच्या शाळेच्या हॉलवर तालमीला.
पदराला खडू, त्याच पदराला सफेदा.
कुठला पांढरा कुठला, ते धोब्यालाही कळत नसे.
विद्यापीठातले म्हणत, बाई नटी आहे.
तालमीतले म्हणत, बाई मास्तरीण आहे.
चहा दोन्हीकडे मिळे.
खुर्ची जरा उशिरा.

मग अकरा जानेवारीचा प्रयोग.
दुसरा अंक, हातात नवऱ्याचं पत्र,
आणि बाई थांबल्या.

संहितेत विराम नव्हता.
मी पान बघितलं, पुन्हा बघितलं,
ओठांवर वाक्य घेऊन पुढे झुकलो,
तर पदराआडून एक बोट वर आलं.
थांब.

खाडीकडून सुक्या बोंबलाचा वास आला.
तिसऱ्या रांगेत एक मूल खोकलं
आणि उरलेला खोकला त्यानं गिळला.
पायदिव्यावर पाखरू आपटत राहिलं, टप, टप.
पाइप फुटण्याआधीचा दाब
मी नुसत्या तळव्यानं ओळखतो.
तोच होता.

पुढचं वाक्य त्या बोलल्या,
चुकीचं बोलल्या, खरं तर.
कुणाला कळलं नाही.

रंग उतरवताना म्हणाल्या,
"नाखवा, किती वेळ होता हो तो?"
"मोजला नाही, बाई."
"मग मी लिहू कसं?"
खोबरेलाचा बोळा गालावर तसाच.
"विसरला होतात ना?" मी विचारलं.
त्या हसल्या.
उत्तर अजून यायचंय.

पुस्तक निघालं तेव्हा
त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.
मुलीनं पान उघडून दाखवलं.
अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
चौथ्या प्रकारासाठी आधार,
हरेश्वर नाखवा, प्रॉम्प्टर, चेंदणी. तोंडी. विंगेत.

तळटीप म्हणजे काय गं, मी विचारलं.
पानाच्या पायाशी असते, ती म्हणाली,
वरचं नीट दिसावं म्हणून.
म्हणजे पायदिवेच की.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
तोंडी, असं लिहिलंय.
त्या रात्री तर मी
तोंड मिटूनच होतो.