जागा

पुंता अरेनासच्या आमच्या शाळेत
एकतीस वर्षं मी रांगा लावल्या.
शिट्टी, कोन, फेक, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला.
हँडबॉल फेकताना कोपर कुठे, अंगठा कुठे,
पाढे म्हणून घ्यावेत तसं म्हणून घेतलं
मुलांच्या खांद्यांकडून.
बाहेर सामुद्रधुनीवरचा वारा पत्रा उपटायला बघायचा,
आत हूं की चूं नाही.
तपासनीस खूष असायचे.

आता गुडघा गेलाय. तास नेलिदा मान्सिया घेते.
मी साहित्याच्या खोलीत चेंडूंत हवा भरतो
आणि दार उघडं ठेवतो,
रबराचा वास जावा म्हणून, असं सांगतो.

तिच्याकडे रांगच नाही.
पायाने पुसता येतील अशा खडूच्या रेषा,
तिघं विरुद्ध दोघं,
चेंडू घेऊन धावायचं नाही, तीन मोजायच्या आत सोडायचा.
बस्स. कोपराबद्दल अवाक्षर नाही.
चेंडू भिंतीवर, दिव्यावर, एकदा माझ्या चहावर.
मी मनात म्हटलं, भरला बाजार.

मग ती हात वर करते. शिट्टी नाही, नुसता हात.
सगळे जिथल्या तिथे थिजतात
आणि ती विचारते,
जागा कुठे होती?

पहिले काही आठवडे पोरं बुटांकडे बघायची.
पंधरा वर्षांची पोरं ती,
चारचौघांत उत्तर चुकण्यापेक्षा दात पाडून घेतील.
येर्कोने खांदे उडवले.
येर्को बार्रिया, ज्याचा हात मी घडवला,
अख्ख्या प्रांतात तसा हात नाही,
आणि त्याला ठाऊक नव्हतं
फेकायचं कधी.

मिलारे नाहुएल्किन बोलली.
माझ्या वहीत तिच्यापुढे एकच शब्द आहे: ढिली.
रांगेत आपली पाळी ती मागच्याला देऊन टाकायची.
एकदा मी मोजलं होतं,
पंचेचाळीस मिनिटांत चेंडू तिच्या हाती दोनदा.
मोजलं, आणि बोल तिलाच लावला.

पत्र्याच्या खडखडाटात ऐकू येईल न येईल असं ती म्हणाली,
येर्कोच्या मागे.
तो फेकायला वळतो ना, तेव्हा ते दोघंही त्याच्याचकडे बघतात.
तिथे कुणीच नसतं.

दाखव, म्हणाली नेलिदा.

तिने दाखवलं. चेंडू सुटला हातातून, हो,
अजूनही सुटतो, बोटं तिची खरंच ढिली आहेत.
पण ती तिथे होती,
आणि तिथे खरोखर कुणीच नव्हतं.
त्यानंतर तीच येऊन मला म्हणाली,
सर, चेंडू पकडायचा कसा?
एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी विचारायच्या आधीच सांगून टाकायचो.

मग त्या शुक्रवारी, फ्लूने निम्मा वर्ग आडवा असताना,
नेलिदाने मलाच ओढलं. एक भिडू कमी आहे.
म्हटलं, गुडघा.
तर नियम बदलू, म्हणाली,
तुम्ही चालायचं, तुम्हाला कुणी अडवायचं नाही.
नियम असा गुडघ्यासाठी वाकतो
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

मिलारेने चेंडू टाकला. माझ्या डावीकडे, चार पावलं दूर,
मोकळ्या फरशीवर.
तो भिंतीला लागून परत आला तरी मी उभाच.
कुठे टाकतेस, मी ओरडलो, जुन्या आवाजात.
ती दचकली नाही.
तुम्ही होता तिथे नाही सर. जाल तिथे टाकला.

एकतीस वर्षं टक्क जागा होतो मी त्या हॉलमध्ये.

घरी जाताना वारा इतका
की चौकातले दोर बांधले होते, धरून चालायला.
पालिकेचे लोक ओरडत होते, घट्ट धरा.
मी धरला. दोन झोतांच्या मध्ये एक फट येते,
श्वासभर. तेवढ्यात रस्ता ओलांडला.

कपाटावर वह्यांचं खोकं आहे.
ढिला, ढिली असं किती वेळा लिहिलंय
ते मोजायला बसलो.
चौथ्या वहीपर्यंत आलो,
आणि गावातले दिवे गेले.