आधी मोटार बंद

टाकी रोज रात्री एक फरशी उतरत होती.
निळी फरशी, दीड इंचाची.
मोडक सेक्रेटरी पँट वर ओढून
काठावर उकिडवे बसत, पट्टी लावत,
आणि म्हणत, ऊन आहे, बाष्पीभवन.
बी विंगच्या घैसासबाई म्हणत, पोरं उड्या मारतात, सांडतं.
कुणी टँकरवाल्याचं नाव घेतलं, कुणी वॉचमनचं.
धायरीत मे महिन्यात
पाण्याचा संशय कुणावरही बसतो.

मी खाली, पंपाच्या खोलीत.
तिथे माणूस वाकूनच उभा राहतो.
वेस्टचा पाइप जिथे गटारात तोंड घालतो
तिथे तळवा धरला.
गार धार, करंगळीएवढी.
करंगळीएवढी धार रात्रभर, म्हणजे सकाळी एक फरशी.
हिशेब जमला.
बोललो नाही कुणाला.

व्हॉल्व्हच्या झाकणावर सहा घरं, इंग्रजीत कोरलेली.
कंपनीचा माणूस एकदाच आला, भरभर वाचून गेला.
मी माझी नावं ठेवली:
गाळ. उलटं धू. विसळ. सोड. नुसतं फिरव. गप्प.
दांडा दाबायचा, फिरवायचा, घरात बसवायचा,
आणि त्याआधी, सगळ्याच्या आधी,
मोटार बंद.
हे भिंतीवर खडूनं मीच लिहिलंय.
दोनदा.

बुधवारी टाकीला सुट्टी.
दोन्हीकडचे कॉक आवळले.
झाकणावरून बुडापर्यंत मार्करची एक रेघ ओढली,
नाहीतर परत बसवताना
गाळचं घर धूवर येतं आणि माणूस वेडा होतो.
सहा बोल्ट, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल,
कारण खाली स्प्रिंग टपून बसलेली असते.
आत बैलगाडीच्या चाकासारखं रबर, सहा आऱ्यांचं.
पाच आपापल्या खाचेत.
सहावा उठून, मुरगळून,
झोपेत लाथाडलेल्या पांघरुणासारखा बाजूला.

बोहरी आळीत मुर्तझाशेठनं तो डोळ्यांशी धरला.
चालू मोटारीवर कुणी फिरवला?
कोण जाणे, म्हणालो.
शेठ माझ्याकडे बघत राहिले,
मग चष्मा पुसला आणि साडेसातशे सांगितले.
पीएमटीत नवं रबर मांडीवर घेऊन बसलो.
शेजारच्या बाईंनी विचारलं, कुकरचं का?
हो, म्हटलं.
मोठ्या कुकरचं.

खाच बोथट चाकूनं खरवडायची,
जुना डिंक निघेस्तोवर.
वाळूचे चार कण होते, बोटानं टिपले.
नव्या रबराखाली एक जरी राहिला
तरी आठवड्यात पुन्हा हेच.
ओरिंगला ग्रीस नखभर, लोण्यासारखं थापायचं नाही.
रेघेवर रेघ.
बोल्ट आधी हातानं, शेवटचा पाव फेरा पान्यानं.
मोटार लावली.
काटा थरथरला, बाराशी थांबला.
वेस्टच्या तोंडाशी तळवा धरला.
कोरडा.
धरूनच राहिलो, कोरडाच.

कमिटीला सांगितलं, रबर जुनं झालं होतं.
झालंच होतं, सात वर्षं.
बिल मात्र दिलेलं नाही.
मोडक दोनदा विचारून गेले,
म्हटलं, सापडलं की देतो.

त्या सोमवारी काचेच्या डबीत पाणी नितळ होत आलेलं,
उलटं धू संपत आलं होतं,
दांड्यावर माझा हात, मोटार चालू,
आता बंद करायची, तेवढ्यात खिशात फोन.
शिवकन्या.
बाबा, एक्काहत्तर टक्के.
आमच्याकडे नववीच्या पुढचं दार
कुणी उघडून बघितलेलं नाही.
मला काय झालं ठाऊक नाही,
हात एकदम पुढच्या घरात गेला.
आतून कट् आवाज आला.
फोनवर तिलाही ऐकू गेला.
काय पडलं, बाबा?
काही नाही गं, पाइप आहे.
गणितात किती?