पहिली शिफ्ट

मंगळवार, गुरुवार, शनिवार. साडेचारला उठते.
बावड्यात या दिवसांत नदी आपल्या जागेवर नसते,
गल्लीत आलेली असते,
पांढरी, कमरेएवढी, मळीच्या वासाची.
कारखान्याचा भोंगा कुठल्या अंगानं वाजला, कळत नाही.

ट्रॅक्स गिरणीच्या भिंतीला लावलेली.
बॉनेटवर रात्री टाकलेलं बारदान
भिजून म्हशीच्या कातड्याएवढं जड.
दोन्ही हातांनी ओढून काढते.
मग किल्ली. अर्धीच.
पिवळा दिवा लागतो, नागमोडी तारेचा.
"अकरा आकडे मोज," आप्पांनी शिकवलंय,
"दिव्यावर इस्वास ठेवू नको, त्यो खोटं बोलतोय."
सात. आठ.
नवाला रोज वाटतं, आज नाही होणार.

पहिल्या सेल्फला ती नुसती खाकरते.
दुसऱ्याला काहीतरी बोलते, ऐकण्यासारखं नसतं.
तिसऱ्याला धूर,
आणि सांगावकर काकूंची खिडकी धाडकन बंद.
त्यांची नवी गाडी बटणावर चालू होते.
तिला थंडी म्हणजे काय, ठाऊक नाही.

एकवीस वर्षं कोल्हापूर–गारगोटी वडाप.
आत अठरा माणसं, टपावर कोंबड्यांच्या डालग्या,
मागं लोंबकळत इर्शाद,
"एक शीट, एक शीट" ओरडणारा,
नसलेली जागा विकणारा.
आता मागं दोन बाकडी, एक उशी
आणि दवाखान्याची फाईल.

काचेवर दव असं, की आतून बघावं
तर जग उकळतंय वाटतं.
गरम पाणी ओतायचं नाही, तडकते.
कालचा पेपर चुरगळून गोल गोल फिरवते.
कुणाच्या तरी वाढदिवसाची जाहिरात
बोटांना लागते.

आप्पा येतात. कानटोपी, कोट,
डावी बाही मोकळी सोडलेली.
लगेच चढत नाहीत.
एक ओघळ वायपरवरून सुटतो,
बॉनेटवर रेंगाळतो,
ते त्याच्याकडं बघत राहतात.
"समदं पुसून पिळलं, तर किती निघंल गं?"
"कप. दीड कप."
त्यांना दिवसाला सात कप,
चहा, आमटी, गोळ्यांवरचं पाणी, सगळं धरून.
"रेडिएटर बघितलास?"
"अर्धा लिटर घातलं."
"काठोकाठ घाल. तिला काय पथ्य नाही."

पाच मिनिटं तशीच चालू ठेवायची, हाही त्यांचाच नियम.
तेल वर चढू दे,
घाई केलेली गाडी इस्पुर्लीच्या पुढं जात नाही.
त्या पाच मिनिटांत मला एक काम असतं,
सिस्टरनं शिकवलेलं:
मनगटाच्या वर, जिथं शीर नि धमनी एकत्र शिवलीय,
तिथं तळवा ठेवायचा.
थरथर लागली, तर चालू आहे.
नाही लागली, तर कुणाचीच वाट बघायची नाही.

माझे हात गार.
आधी बॉनेटवर शेकून घेते,
डिझेलचा तो थरकाप कोपरापर्यंत चढतो.
मग त्यांच्या हातावर.
थोडा वेळ कळत नाही
कुठला कुणाचा. डोळे मिटून थांबते,
गाडीचा उतरू देते.

"हाय का?"
"हाय."
"मग काढ की."

भगव्या चौकापर्यंत काच आतून धरते,
दोघांच्या श्वासांनी.
ब्लोअर जाऊन आठ वर्षं झाली.
आप्पा टॉवेलच्या टोकानं पुसतात,
माझ्या बाजूचं आधी.
मग सवयीनं उजवा हात माझ्या पुढून नेऊन
हॉर्न दाबतात, दोनदा,
धुक्यात उभ्या कुणालाही.

शनिवारी एक बाई खरंच चढली,
मेथीची पाटी घेऊन, सीपीआरपर्यंत.
आप्पांनी दहा रुपये घेतले.
पाच परत दिले, वरचे.