आज्ञार्थ

गुरुवारी सहा ते आठ, ग्रंथालयाच्या माडीवर
मी नवख्यांना नॉर्वेजियन शिकवते.
मीही नवखीच, फक्त सतरा वर्षं जुनी.
नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो तो जानेवारीपर्यंत येत नाही,
खिडकीखाली बंदर, बंदरावर मासळीचा कारखाना,
आणि त्याच्या भोंग्यावर सगळ्या गावाचं घड्याळ.

लेतेब्रहान वर्गाला यायची नाही.
जिन्यात गाठ पडली की हातमोजे काढत
मोडक्या इंग्रजीत म्हणायची,
"शिकून काय करू? कॉड काही बोलत नाही.
अकरा वर्षं झाली. पगार येतो, अस्माराला पैसे पोचतात,
दुकानात यंत्र आकडा दाखवतं,
डॉक्टरकडे मुलगा सोबत येतो."
खोटं नव्हतं त्यात काहीच.
इथं तमिळ आहेत, लिथुआनियन आहेत,
पट्ट्यापाशी सगळे मुके आणि सगळे तरबेज.
भाषेवाचून कुणाचं अडलंय?
मी आपली वर्गाची पत्रकं चिकटवत राहायचे.

तिला येणारे शब्द मी एकदा मोजले.
लॉफ्त, उचल. वास्क, धू. व्हेंत, थांब.
सेत, ठेव (पेटी, अर्थात).
फ्लित दाइ, बाजूला हो.
सगळे आज्ञार्थी, सगळे एकवचनी,
सगळे ओडव्हारच्या तोंडून पडलेले.
ओडव्हार मुकादम. अकरा वर्षांत
त्यानं तिला याखेरीज काही म्हटलं नव्हतं,
तिनं त्याला तर काहीच नाही.

फेब्रुवारीत ओडव्हारची बायको गेली.
नवव्या दिवशी तो कामावर आला,
शर्टाची गुंडी एक काजं चुकलेली.
एकेकानं त्याचा हात हातात घेऊन
अशा वेळचा ठरलेला शब्द म्हटला.
तो शब्द तिच्याकडे नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत तो कपाटांशी उभाच राहिला.
तिनं बाक ओढला.
सेत दाइ, म्हणाली.
शब्दशः, स्वतःला ठेव. म्हणजे बस.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं,
पेटीतला एक शब्द घेतला, धक्क्यावरचा एक,
आणि जोडले.
मग डबा उघडला. घावनासारखी जाळीदार इंजेरा, वर मसूर.
अर्धी त्याच्यापुढे सरकवली.

त्यानं तुकडा मोडला नाही. बोलू लागला.
भोंगा झाला, पट्टा सुरू झाला,
मुकादम बोलतोच आहे.
तिला त्यातलं कळलं एक नाव, गुनवोर,
ते सोळा वेळा आलं.

त्या गुरुवारी ती पावणेसहालाच माडीवर.
"मी चुकीचं बोलले का?"
व्याकरण बरोबर होतं, मी म्हटलं.
मला आठवली माझ्या कानांवरची पहिली वाक्यं,
ये, जेव, पड जरा, पांघरूण घे,
त्यांत तरी दुसरा कुठला अर्थ होता?
पण हे बोलले नाही. ती काही
माझ्याकडून बरं वाटून घ्यायला आली नव्हती.
"बस म्हणता आलं," ती म्हणाली,
"ऐकता आलं नाही.
तो बोलला ते सगळं होऊन गेलेलं होतं.
मला होऊन गेलेलं शिकव."

माझा पहिला धडा वस्तूंचा. टेबल, दिवा, बर्फ.
तो मिटला. फळ्यावर लिहिलं, व्हार.
होता, होती, होते, होत्या, सगळ्यांना हे एकच,
इथं क्रियापदाला लिंग नसतं, सोपं आहे.

तिनं वहीत उतरवलं, मनगटावरचा एक खवला पानाला लागला.
गुनवोर व्हार.
पेन थांबलं.
"पुढे?"
पुढे कशी होती ते, मी म्हटलं.
"ते मला कुठं माहीत आहे,"
असं म्हणून तिनं तेवढी जागा कोरी सोडली
आणि खालच्या ओळीवर गेली.